अमेरिकेत कॅरियरकडून ‘फुकट’ फोन घेताय? सही करण्याआधी 36 महिन्यांचा हिशोब असा करा

व्हेरायझन, एटीअँडटी आणि टी-मोबाइल या अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या मोबाइल कंपन्या (म्हणजेच कॅरियर) महागडे फोन ‘शून्य डॉलर’ म्हणून विकतात. नुकताच आलेला विद्यार्थी असो की दहा वर्षं राहिलेलं कुटुंब, बहुतेकांचा हिशोब एकाच जागी चुकतो: फोनची किंमत पाहिली जाते, प्लॅनची पाहिली जात नाही. फोनवरची सूट प्लॅनच्या दरातून वसूल होत असते. त्यामुळे फोन परवडतो का, एवढंच विचारून भागत नाही. या प्लॅनवर तीन वर्षं राहणं परवडेल का, आणि मध्येच निघावं लागलं तर उरलेले पैसे एकरकमी भरता येतील का, हे विचारावं लागतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. दुकानात जाणं पाचव्या पायरीवर आहे, पहिल्या नाही.

आधी व्यवहार नीट समजून घ्या

या व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटवलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे कर्ज. फोन पूर्ण किमतीला विकला जातो आणि ती किंमत बिनव्याजी हप्त्यांत विभागली जाते. व्हेरायझन आणि एटीअँडटीकडे 36 हप्ते, टी-मोबाइलकडे बहुधा 24. यासाठी तुम्ही ज्यावर सही करता तो ‘रिटेल इन्स्टॉलमेंट कॉन्ट्रॅक्ट’. त्यात फोनची पूर्ण किंमत लिहिलेली असते आणि ते देणं तुमचं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सूट. ती ‘बिल क्रेडिट’ म्हणून दर महिन्याला येते आणि त्या महिन्याचा हप्ता खोडून टाकते. 800 डॉलरच्या फोनवर बिलात ‘हप्ता 22.22’ आणि त्याच्याखाली ‘क्रेडिट उणे 22.22’ अशा दोन ओळी दिसतात. पण कर्ज बिनशर्त आहे आणि सूट सशर्त. लाइन (म्हणजे नंबराचं कनेक्शन) बंद केली, खालच्या प्लॅनवर गेलात, काही ऑफरमध्ये तर हप्ते लवकर फेडले, तरी क्रेडिट थांबतं. कर्ज मात्र जागच्या जागी राहतं.

जुन्या दोन वर्षांच्या करारात मध्येच सोडल्यास दंड असायचा. आता दंड हा शब्द कुठेच नाही, दुकानातला माणूस ‘कॉन्ट्रॅक्ट नाही’ असंच सांगतो, आणि तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलत नाही, कारण कॉन्ट्रॅक्ट फोनच्या हप्त्यांचं असतं, प्लॅनचं नाही. सूट छत्तीस तुकड्यांत देणं हाच ग्राहकाला बांधून ठेवण्याचा मार्ग आहे. हे हप्ते कंपनीच्या दृष्टीने खरंखुरं कर्ज असतात याचा पुरावा म्हणजे व्हेरायझन असे हजारो करार एकत्र करून त्यांच्या जोरावर बाजारात रोखे विकते. म्हणूनच फोन ‘फुकट’ असूनही तुमचा क्रेडिट स्कोअर (कर्ज फेडण्याची पत दाखवणारा आकडा) तपासला जातो.

पायरी 1: तुम्ही कुठे, किती काळ असणार ते लिहून काढा

कागदावर चार गोष्टी लिहा.

एक, पुढचे 36 महिने तुम्ही अमेरिकेत असण्याची कितपत खात्री आहे. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी आलेल्या विद्यार्थ्याला 36 महिन्यांचा हप्ता म्हणजे पदवीनंतरचं अख्खं वर्ष आताच गहाण टाकणं. ओपीटी (पदवीनंतर काम करण्याची परवानगी) मिळेल, नोकरी लागेल, हे सगळं खरं, पण नोकरी ज्या शहरात लागेल तिथे या कंपनीचं नेटवर्क चांगलं असेलच असं नाही.

दोन, सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) आहे का. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याला कॅम्पसवरची नोकरी, सीपीटी (शिक्षणाचा भाग म्हणून करायचं काम) किंवा ओपीटीशिवाय तो मिळत नाही. नंबर आणि क्रेडिटचा इतिहास नसेल तर हप्त्याचा अर्ज बहुधा नाकारला जातो, किंवा मोठं डाउन पेमेंट आणि अनामत मागितली जाते. अर्ज केल्यावर होणारी तपासणी क्रेडिट रिपोर्टवर नोंदली जाऊ शकते, म्हणून एका दिवसात तीन कंपन्यांच्या दुकानांत जाऊन ‘बघू तरी’ म्हणून अर्ज टाकत सुटू नका.

तीन, किती लाइन लागणार. एक आणि चार यांत हिशोब पूर्ण उलटू शकतो. ते पायरी 3 मध्ये येईल.

चार, भारतातला नंबर त्याच फोनवर चालू ठेवायचा आहे का. बँकेचे ओटीपी भारतीय नंबरावर येत असतील तर ही बाब सगळ्यात आधी तपासायची. कॅरियरकडून हप्त्यावर घेतलेला फोन साधारणपणे त्या कंपनीला लॉक केलेला असतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. लॉक असलेल्या आयफोनमध्ये दोन ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच चालू होणारं सिम) बसतात, पण दोन्ही त्याच कंपनीची असावी लागतात. म्हणजे अमेरिकेची लाइन एका बाजूला आणि एअरटेल किंवा जिओ दुसऱ्या बाजूला, ही सोय लॉक निघेपर्यंत मिळत नाही.

*सावधान:* अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 14 आणि त्यापुढच्या मॉडेलमध्ये सिमचा ट्रे नसतो. जुना फोन पुढे भारतात आई-बाबांना द्यायचा बेत असेल तर तो अनलॉक तर हवाच, शिवाय त्यांचं सिम ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागेल.

पायरी 2: आकडे गोळा करा, जाहिरातीतले नव्हे, बिलावरचे

घरी बसून प्रत्येक पर्यायासाठी हे आकडे मिळवा:

1. फोनची पूर्ण किंमत, म्हणजे क्रेडिटआधीची.
2. सेल्स टॅक्स. सूट कितीही असली तरी कर बहुतेक ठिकाणी पूर्ण किमतीवर आणि खरेदीच्या दिवशीच लागतो. ‘शून्य डॉलर’च्या फोनसाठी काउंटरवर 60-70 डॉलर द्यावे लागले की लोक चक्रावतात, ते यामुळे. ओरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि डेलावेअर या राज्यांत सेल्स टॅक्स नाही.
3. ॲक्टिव्हेशन किंवा अपग्रेड शुल्क, दर लाइनला. साधारण 35 डॉलर आणि पुढे.
4. ऑफरसाठी सक्तीच्या असलेल्या प्लॅनचा मासिक दर. इथेच खरी गोम आहे. मोठी सूट बहुतेक वेळा वरच्या अनलिमिटेड प्लॅनवरच मिळते. तुम्ही मनात धरलेला स्वस्त प्लॅन यादीत नसतो.
5. ऑटोपेची, म्हणजे बिल आपोआप भरलं जाण्याची, सूट. जाहिरातीतला दर ती धरूनच छापलेला असतो, आणि ती पूर्ण मिळण्यासाठी बऱ्याचदा बँक खातं जोडावं लागतं, क्रेडिट कार्ड चालत नाही.
6. कर आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ नावाची शुल्कं. नाव सरकारी वाटतं, पण हा पैसा कंपनीचाच असतो. दर लाइनला महिन्याला काही डॉलर.

प्लॅनचा दर पाहताना प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर अन्नाच्या पाकिटावरच्या तक्त्यासारखं एक पांढरं-काळं लेबल शोधा. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमानुसार मोठ्या कंपन्यांना एप्रिल 2024 पासून प्रत्येक प्लॅनबरोबर हे ‘ब्रॉडबँड लेबल’ दाखवावं लागतं. मूळ मासिक दर आणि शुल्कं त्यावर असतात. विक्रेत्याचं बोलणं आणि लेबल जुळत नसेल तर लेबलवर विश्वास ठेवा.

तुलनेसाठी एक तरी स्वस्त प्रीपेड पर्याय घ्या. मिंट (मालकी टी-मोबाइलची), व्हिजिबल (व्हेरायझनची) आणि क्रिकेट (एटीअँडटीची) या सेवा त्याच मोठ्या कंपन्यांच्या टॉवरवर चालतात. फरक असा की टॉवरवर गर्दी झाली की अशा प्लॅनचा डेटा अनेकदा आधी मंदावतो. मिंटमध्ये पैसे तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे आगाऊ भरावे लागतात, हेही लक्षात असू द्या.

*तपासा:* स्वस्त सेवा घेण्याआधी तिचं ट्रायल ई-सिम मिळत असेल तर ते आताच्या फोनवर टाकून घर, कॉलेज किंवा ऑफिस आणि रोजचा रस्ता या तीन जागी नेटवर्क पाहा. जे टॉवर घरात रेंज देत नाहीत, ते कितीही स्वस्त असले तरी उपयोग नाही.

पायरी 3: 36 महिन्यांचा एकूण खर्च काढा

सगळा निर्णय या पायरीवर होतो, म्हणून जरा थांबून करा. खालचे दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे आकडे त्यांच्या जागी टाका.

समजा फोन 800 डॉलरचा, सेल्स टॅक्स 8 टक्के, लाइन एकच.

पर्याय अ, कॅरियरचा ‘फुकट’ फोन. कर 64, ॲक्टिव्हेशन 35, प्लॅन महिन्याला 80 म्हणजे 36 महिन्यांचे 2,880, बाकी शुल्कं आणि कर महिन्याला 8 म्हणजे 288. एकूण 3,267 डॉलर.

पर्याय ब, तोच फोन अनलॉक स्वरूपात रोखीने. 800 अधिक कर 64. प्रीपेड प्लॅन शुल्कांसह महिन्याला 25, म्हणजे 900. एकूण 1,764 डॉलर.

फुकटचा फोन 1,503 डॉलरने महाग पडला. दोन वर्षं जुना किंवा रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) फोन 400 डॉलरला घेतला तर पर्याय ब आणखी खाली, 1,332 पर्यंत येतो.

एवढी आकडेमोड नको असेल तर एक झटपट कसोटी आहे. फोनच्या किमतीला 36 ने भागा: 800 भागिले 36 म्हणजे 22.22. ही तुमची मासिक सूट. आता दोन प्लॅनमधला सगळ्या शुल्कांसहचा मासिक फरक काढा: 88 वजा 25 म्हणजे 63. फरक सुटीपेक्षा मोठा असेल तर फुकटचा फोन तोट्याचा, लहान असेल तर फायद्याचा. टी-मोबाइलसाठी 24 ने भागा आणि प्लॅनचा खर्चही 24 महिन्यांचाच धरा.

आता चार लाइनचं कुटुंब घ्या. चार लाइनवर मोठ्या कंपन्यांचा दर लाइनमागे बराच उतरतो. समजा लाइनला 45, म्हणजे महिन्याला 180. 36 महिन्यांचे 6,480, शुल्कं लाइनला 4 धरून 576, ॲक्टिव्हेशन 140. एकूण 7,196, आणि चारही फोन ‘फुकट’. दुसरीकडे चार अनलॉक फोन 3,200 आणि प्रीपेड लाइनला 25 धरून 3,600, एकूण 6,800. (सेल्स टॅक्स दोन्हीकडे सारखाच, म्हणून सोडला.) कॅरियर अजूनही 396 डॉलरने महाग. पण लाइनचा दर 45 ऐवजी 40 मिळाला तर कॅरियरचा खर्च 6,476 वर येतो, म्हणजे 324 डॉलरने स्वस्त. लाइनमागे फक्त पाच डॉलरच्या फरकाने निकाल फिरतो. म्हणून चार लाइन घेणाऱ्याने ‘कॅरियर महागच’ किंवा ‘फॅमिली प्लॅन स्वस्तच’ असं ऐकीव सूत्र धरू नये. मुळात चौघांनाही 800 डॉलरचा फोन हवा आहे का, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारा. दोघांना 300 डॉलरचा चालणार असेल तर हिशोब परत प्रीपेडकडे झुकतो.

नेहमीच्या चुका:

हप्ता बिनव्याजी आहे म्हणून फोन स्वस्त, असं धरणं. व्याज नाही हे खरं, पण ते प्लॅनमध्ये आहे.

कॅरियरच्या प्लॅनमध्ये मिळणारी स्ट्रीमिंग सेवा पूर्ण किमतीने वजा करणं. ती तुम्ही एरवी स्वतःच्या पैशाने घेतली असती तरच वजा करा.

विमा विसरणं. दुकानात तो अनेकदा ‘तूर्त टाकून ठेवतो, नको असेल तर काढा’ म्हणून बिलात चढवला जातो. महिन्याला 17 डॉलरचा विमा 36 महिन्यांत 612 होतो, आणि फोन फुटला तर डिडक्टिबल (दुरुस्तीतला तुम्ही भरायचा वाटा) वेगळं.

पायरी 4: परवडतं का, याच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी रोख पैशाची. वरच्या उदाहरणात पर्याय ब स्वस्त आहे, पण पहिल्याच दिवशी 864 डॉलर लागतात. पर्याय अ मध्ये पहिल्या दिवशी फक्त 99. ज्याच्याकडे 864 नाहीत तो 1,503 डॉलर जास्त भरतो. कॅरियरचा धंदा याच अडचणीवर चालतो. महिन्याला 63 डॉलर वाचत असल्याने पर्याय ब मधली सुरुवातीची जादा रक्कम बारा-तेरा महिन्यांत भरून येते. म्हणजे बचत असेल तर ती इथे वापरणं फायद्याचं. अगदी 25 टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डावर फोन घेऊन बरोबर बारा महिन्यांत फेडला तरी व्याज सुमारे 120 डॉलर होतं. सल्ला म्हणून नव्हे, तुलनेसाठी सांगतोय: ‘मिनिमम पेमेंट’ भरत बसलात तर हा हिशोब कोसळतो. पैसे नसतील तर त्याहून सरळ वाट म्हणजे 300-400 डॉलरचा फोन घेणं.

दुसरी चाचणी अचानक निघण्याची. नोकरी गेली, व्हिसाचं काही झालं, परत जावं लागलं, तर उरलेलं कर्ज एकदम अंगावर येतं. 800 डॉलरच्या फोनवर 14 महिने झाले असतील तर 22 हप्ते, म्हणजे 488.89 डॉलर. तेवढी रक्कम आज तुमच्या बचत खात्यात मोकळी आहे का? नसेल, तर फोन परवडत नाही, मासिक बिल कितीही सोसवत असलं तरी. ज्याचा व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे त्याने ही चाचणी टाळू नये, कारण पगार आणि फोन दोन्ही एकाच दिवशी सुटण्याची शक्यता त्याच्याच बाबतीत सगळ्यात जास्त.

पायरी 5: दुकानात किंवा साइटवर, सही करण्याआधी

तोंडी उत्तर घेऊ नका. ऑनलाइन खरेदी असेल तर ऑफरच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांचा स्क्रीनशॉट घ्या, दुकानात असाल तर अटींचा दुवा ई-मेलवर मागा. पुढच्या तीन वर्षांत भांडायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. ऑफर संपली की ते पान गायब होतं.

हे प्रश्न विचारा, याच क्रमाने:

1. नवी लाइन सक्तीची आहे, की आहे त्या लाइनवर अपग्रेड चालतं?
2. नेमका कोणता प्लॅन, आणि तो किती काळ ठेवायचा? मधेच खालच्या प्लॅनवर गेलो तर क्रेडिट थांबतं की कमी होतं?
3. जुना फोन द्यायचा आहे का, आणि कोणत्या स्थितीत?
4. हप्ते लवकर फेडले तर उरलेली क्रेडिट मिळतात का?
5. लाइन काही महिने सस्पेंड केली, उदाहरणार्थ भारतात लांब मुक्कामासाठी, तर त्या महिन्यांच्या क्रेडिटचं काय?
6. अनलॉक कधी होतो? एटीअँडटीकडे 60 दिवस आणि टी-मोबाइल पोस्टपेडवर 40 दिवस वापर ही अट आहे, पण दोन्हीकडे फोनचे पूर्ण पैसे फिटलेले असावे लागतात. म्हणजे हप्ते चालू असेपर्यंत फोन लॉकच. कंपन्या हे नियम बदलतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशीची अट वाचा.

*सावधान:* ‘अनलिमिटेड लाइन जोडली तर दुसरा फोन फुकट’ या ऑफरमध्ये ती जोडलेली लाइनही 36 महिने चालवावी लागते. महिन्याला 40 डॉलरची नको असलेली लाइन तीन वर्षांत 1,440 डॉलर खाते. घड्याळ आणि टॅबलेटच्या ‘फुकट’ ऑफरचंही तेच.

रूममेट मिळून एकाच खात्यावर चार-पाच लाइन घेण्याची विद्यार्थ्यांमध्ये पद्धत आहे. प्लॅनसाठी ती उत्तम, हप्त्याच्या फोनसाठी धोक्याची. कर्ज ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या माथी असतं. एक जण नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि त्याने नंबर पोर्ट केला की त्याच्या फोनचा उरलेला आकडा खातेदाराच्या पुढच्या बिलात येतो, आणि लाइनची संख्या घटल्याने बाकीच्यांचा दरही चढतो. खातेदार तुम्ही असाल तर एकच नियम ठेवा: प्लॅन सामायिक, फोन ज्याचा त्याने स्वतःच्या पैशाने अनलॉक घ्यायचा. हे मैत्रीत बोलायला अवघड वाटतं, पण 490 डॉलर मागायला जाणं त्याहून अवघड.

पायरी 6: जुना फोन देण्याआधी

‘800 डॉलर ट्रेड-इनसह’, म्हणजे जुना फोन दिल्यास, या ऑफरमध्ये सूट 800 नसते. तुमचा जुना फोन बाहेर 250 ला विकला जात असेल तर कॅरियरची खरी सूट 550, म्हणजे महिन्याला 15.28. पायरी 3 मधल्या कसोटीत 22.22 च्या जागी हा आकडा टाका.

द्यायचंच ठरलं तर:

1. बॅकअप घ्या. नवा फोन सुरू होऊन सगळे ॲप, विशेषतः बँकेचे आणि ओटीपीचे, त्यावर चालल्याची खात्री होईपर्यंत जुना पुसू नका.
2. आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करा, अँड्रॉइडवर गुगल खातं काढा, मगच रीसेट करा. हे राहिलं तर फोन तपासणीत नापास होतो आणि मोठी सूट रद्द होऊन किरकोळ बाजारभाव हाती पडतो.
3. रीसेट करण्याआधी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दाखवणाऱ्या स्क्रीनचा, आणि चालू फोनच्या पुढच्या-मागच्या बाजूचा दुसऱ्या फोनने फोटो काढा. ‘काच फुटलेली होती’ असा निरोप आला तर उत्तर द्यायला हाच पुरावा.
4. कंपनीने दिलेल्या पाकिटातून, दिलेल्या मुदतीत पाठवा. मुदत बहुधा 30 दिवसांची असते. ट्रॅकिंग नंबर आणि टपालाची पावती पहिलं क्रेडिट येईपर्यंत जपून ठेवा.

दुकानातच फोन देता येत असेल तर तेच करा. तपासणी तुमच्यासमोर होते आणि पावती हातात मिळते.

पायरी 7: पहिली तीन बिलं

पहिलं बिल हमखास मोठं येतं. महिन्याच्या मध्ये लाइन सुरू झाली तर 12 दिवसांचे 32 डॉलर, पुढच्या महिन्याचे आगाऊ 80, ॲक्टिव्हेशन 35 (खरेदीच्या वेळी भरलं नसेल तर), हप्ता 22.22 आणि शुल्कं 8. एकूण 177.22. यात क्रेडिटची ओळ बहुधा नसतेच, कारण क्रेडिट सुरू व्हायला एक ते तीन बिलं लागतात आणि मागचं राहिलेलं मग एकत्र मिळतं.

घाबरून कमी पैसे भरू नका. थकबाकी दिसली की ऑफरच धोक्यात येते.

*तपासा:* तिसऱ्या बिलात तीन गोष्टी पाहा. हप्त्याखाली क्रेडिटची ओळ, तिच्यासमोर ‘36 पैकी 3’ असा किंवा तत्सम क्रमांक, आणि ऑटोपेची सूट. यापैकी एक जरी नसेल तर त्याच दिवशी चॅटवर तक्रार करा आणि संभाषणाची प्रत ठेवा. चॅट फोनपेक्षा बरं, कारण लेखी राहतं. नको असलेला विमा किंवा जादा सेवा दिसली तर तीही याच वेळी काढून टाका.

मन बदललं तर परतीची मुदत विसरू नका. एटीअँडटीकडे 14 दिवस, व्हेरायझनकडे 30. रीस्टॉकिंग शुल्क (फोन परत घेण्याचं शुल्क) कापलं जातं, साधारण 50 डॉलर आणि पुढे.

पायरी 8: मध्येच निघायचं असेल तर

इथे बहुतेक जण ‘क्रेडिट बुडतील’ या भीतीने अडकून राहतात. आकडा काढा. वरच्या एका लाइनच्या उदाहरणात 24 महिने झालेत आणि 12 हप्ते उरलेत. निघालात तर 266.67 डॉलर भरावे लागतील. थांबलात तर पुढचे 12 महिने दरमहा 63 जास्त, म्हणजे 756. निघण्यात 489 डॉलर वाचतात. बुडणारी क्रेडिट डोळ्यांसमोर दिसतात, चढा प्लॅन दिसत नाही, एवढाच काय तो घोळ.

निघायचा क्रम चुकवू नका:

1. ॲपमध्ये उरलेली रक्कम पाहा आणि ती आधी फेडा.
2. अनलॉकची विनंती करा आणि झाल्याचं खात्रीने पाहा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे कॅरियर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसायला हवं.
3. खात्यातून नंबर ट्रान्सफर पिन घ्या. नंबर लॉक (नंबर दुसरीकडे नेण्यावरचा अटकाव) लावलेला असेल तर तो काढा.
4. नव्या कंपनीकडे पोर्टची विनंती करा. जुनी लाइन स्वतःहून बंद करू नका. पोर्ट पूर्ण झाला की ती आपोआप बंद होते. आधी बंद केली तर नंबर हातचा जातो.
5. शेवटचं बिल पाहा, मगच ऑटोपे आणि बँक खातं काढा.

आधी पोर्ट आणि मग पैसे असा उलटा क्रम केला तर फोन लॉकच राहतो, नव्या कंपनीचं ई-सिम त्यावर चढत नाही, आणि जुन्या खात्याच्या ॲपमध्येही धड शिरता येत नाही.

नवी कंपनी ‘तुमची बाकी आम्ही फेडू’ म्हणते तेव्हा पैसे आधी तुम्हीच भरता. भरपाई नंतर, बिलाची प्रत पाठवल्यावर, अनेकदा प्रीपेड कार्डाच्या रूपात आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत येते. शिवाय नवा महागडा प्लॅन गळ्यात पडतो, म्हणजे पुन्हा पायरी 3.

*सावधान:* हप्ते बाकी असलेला फोन विकू नका आणि असा सेकंडहँड घेऊही नका. पैसे थकले की आयएमईआय ब्लॅकलिस्ट होतो आणि तो फोन अमेरिकेतल्या नेटवर्कवर चालेनासा होतो. देश सोडून जाताना बाकी तशीच ठेवली तर ती वसुली एजन्सीकडे आणि तिथून क्रेडिट रिपोर्टवर जाते. पुन्हा अमेरिकेत आलात की तिथेच वाट पाहत असते.

पायरी 9: शेवटचा हप्ता संपला की

36 वं क्रेडिट पडलं की हप्त्याची ओळ जाते, पण प्लॅनचा चढा दर तसाच चालू राहतो. कंपनी तो आपणहून उतरवत नाही. उलट त्याच आठवड्यात ‘तुम्ही अपग्रेडला पात्र आहात’ असा निरोप येतो. त्याआधी तीन कामं उरका: अनलॉकची स्थिती तपासा आणि नसेल झाला तर मागा. प्लॅन सर्वांत खालच्या, तुम्हाला पुरणाऱ्या टप्प्यावर आणा. बॅटरीची क्षमता पाहा, आणि ती 80 टक्क्यांखाली असेल तर फोन बदलण्याऐवजी बॅटरी बदला. ते झालं की अपग्रेडची ऑफर उघडा, आणि तिच्यातला नवा आकडा पायरी 3 मधल्या कसोटीत टाका.